जागल्यास संरक्षण : कामाच्या ठिकाणची तक्रार आणि कायदा

गावात रात्री पहारा देणाऱ्यास आपल्याकडे जागल्या म्हणत. संस्थेच्या आतला गैरप्रकार धोका पत्करून उघड करणाऱ्या माणसासाठी मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द उचलला आणि तो चांगला रुजला. फरक इतकाच, की गावचा जागल्या गावाने नेमलेला असे. या जागल्यास कोणीही नेमलेले नसते.

मुळशी तालुक्यात हा विषय कागदावरचा नाही. ७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळील उरवडे येथे जलशुद्धीकरणाची रसायने बनविणाऱ्या कारखान्यास आग लागून १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पुढे सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदविण्यात आला. अशा कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या एखाद्या भगिनीस दाराशी रचलेला ज्वालाग्राही माल खटकला, तर तिने तो कोणास सांगावा?

१९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली एक मोलाचे कलम घालण्यात आले होते, ११८-अ. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे, इतकेच नव्हे तर तपासणी तक्रारीवरून होत आहे हेही मालकास कळू देऊ नये, असे ते सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तिच्या कलम १४ नुसार जिवास किंवा शरीरास गंभीर धोका वाटल्यास कामगार मालकास थेट अथवा सुरक्षा समितीमार्फत कळवू शकतो व त्याच वेळी सरकारी निरीक्षकासही सांगू शकतो. हक्क चांगला आहे. परंतु ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटले, तर त्या हक्काचे काय उरते, हे आम्हांस विचारावेसे वाटते.

शेजारच्या मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे येथे जमीन गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. त्यापूर्वी २००३ मध्ये महामार्ग प्रकल्पातील भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयास कळविणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची गया येथे हत्या झाली होती. त्या प्रकरणानंतर केंद्राने २००४ मध्ये एक ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी गुप्तपणे घेण्याचे काम सोपविले. जागल्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०१४ साली झाला; राष्ट्रपतींची संमती मिळूनही तो अंमलात आलेला नाही. शिवाय तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरताच आहे. कंपनी अधिनियम, २०१३ मधील दक्षता यंत्रणा मुख्यतः शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या ठेवी वा कर्जे घेणाऱ्या कंपन्यांस लागू होते. पिरंगुटची लहान शेड या दोहोंच्या बाहेरच राहते.

लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ चा कायदा अधिक स्पष्ट आहे. हिंजवडीतील संगणक कंपनी असो वा शाळा, दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असल्यास, अथवा तक्रार मालकाविरुद्धच असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. मुदत तीन महिन्यांची असून योग्य कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढते. चौकशी चालू असता पीडितेने लेखी मागणी केल्यास समिती तिची वा आरोपीची बदली, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा सुचवू शकते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्यात लिहिले आहे. पुष्कळ भगिनी याच भीतीने मागे राहतात.

आमच्या घराविषयीही बोलले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाने धर्मगुरूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचारांची तक्रार करणाऱ्यावर सूड उगविण्यास मनाई केली व त्याच्यावर मौनाचे बंधन घालता येणार नाही, असे ठरविले. २०२३ मध्ये तो आदेश कायम करण्यात आला. ख्रिस्ती शाळा व रुग्णालयांतील सेवकांनी मात्र २०१३ च्या कायद्याची समितीही मागावी. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि प्रत घरी ठेवावी. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.