खुब्याचा सांधा बदलायचा की व्यायाम करायचा?

खुब्याचा सांधा पार झिजलाय असं सांगितलं की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: 'डॉक्टर, ऑपरेशनऐवजी व्यायामाने नाही का भागणार?' प्रश्न रास्त आहे. पण त्याची नीट परीक्षा व्हायला साठ वर्षं लागली.

आजच्या शस्त्रक्रियेचं श्रेय जातं ते इंग्लंडमधल्या रायटिंग्टन इथल्या सर जॉन चार्न्ले यांना. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. हो, आपल्या नॉनस्टिक तव्याचंच टेफ्लॉन! रुग्ण आनंदाने चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजलेल्या कणांनी आजूबाजूला सूज आली. सुमारे तीनशे रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. चार्न्लेंनी टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून त्याचा परिणामही पाहिला.

मग एक विक्रेता पॉलिथिलीनचा नवा प्रकार घेऊन आला. चार्न्लेंनी तो मोडीत काढला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी असताना तो यंत्रावर घासायला लावला. टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं, तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. नोव्हेंबर १९६२पासून तेच वापरात आलं आणि टिकलं.

निकाल डोळ्यांना दिसत होता, त्यामुळे व्यायामाशी तुलना करायची गरज कुणाला वाटली नसावी. ती झाली डेन्मार्कमध्ये, २०२४ साली प्रसिद्ध झाली. सांध्याची गंभीर झीज असलेल्या, पन्नाशीपुढच्या १०९ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं: एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वजनं घेऊन स्नायू बळकट करणारा व्यायाम. सहा महिन्यांनी ४८ गुणांच्या मापावर शस्त्रक्रियेच्या गटात सरासरी १५.९ गुणांची सुधारणा झाली, व्यायामाच्या गटात ४.५ गुणांची. फरक मोठा आहे, तो मान्य करायलाच हवा.

तरीही व्यायामाच्या गटातल्या फक्त २१ टक्के लोकांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे ज्यांना काही कारणाने आत्ता ऑपरेशन नको आहे, त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे जाणं वाया जात नाही. मात्र दुखण्याने रात्रीची झोप उडाली असेल, तर व्यायामाच्या आशेवर वर्षानुवर्षं कुढत बसू नका, असं माझं मत.

आणखी एक. त्या मापात मोजे घालणं, जिना चढणं, गाडीत बसणं-उतरणं विचारतात; मांडी घालून किंवा उकिडवं बसणं त्यात नाही. तुमचं बरंचसं काम जमिनीवर बसून होत असेल, तर ते तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.