नॉटिंगहॅमचे पँथर्स

नॉटिंगहॅम हे नाव आपल्याकडील वाचकास अपरिचित नाही. क्रिकेटच्या शौकिनांना ट्रेंट ब्रिजचे मैदान ठाऊक असते. शाळेच्या इंग्रजी पुस्तकात भेटलेला रॉबिन हूड ज्या अरण्यात वावरला, ते शेरवुड तेथून जवळच. आणि एकेकाळी आपल्या कचेऱ्यांच्या पडव्यांत रांगेने उभ्या असणाऱ्या, आसनसोलच्या कारखान्यातून निघालेल्या रॅले सायकलींचे मूळ घरही तेच. परंतु या शहराचा एक अभिमानविषय असा आहे, की तो आपल्याकडे क्वचितच कोणाच्या कानी पडला असेल. तो म्हणजे तेथील बर्फावरील हॉकीचा व्यावसायिक संघ, नॉटिंगहॅम पँथर्स.

आपल्यापैकी जे कोणी हिवाळ्यात लडाखात नेमणुकीवर राहिले असतील, त्यांनी लेहच्या गोठलेल्या पाण्यावर हा खेळ पाहिला असेल. इतरांसाठी चार शब्द सांगणे अवश्य आहे. मैदानाऐवजी बर्फ, चेंडूऐवजी टणक रबराची चकती, आणि पायांत पोलादी पाती बसवलेले बूट. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात. पण वेग इतका भयंकर, की मिनिटभरातच दमछाक होते आणि खेळ चालू असतानाच थकलेले गडी बाहेर येऊन ताजे गडी आत उतरतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, अंगावर चढून धक्के देण्याची नियमबद्ध मुभा, आणि भोवती लाकडी कठडे. असा हा खेळ घडला तो कॅनडाच्या दीर्घ हिवाळ्यात. इंग्लंडचा हिवाळा ओला आणि करडा. तळी गोठली तरी चार दिवस. तेव्हा इंग्लंडात हा खेळ रुजायचा, तर त्याला बर्फ यंत्राने निर्माण करावे लागे, आणि खेळाडू सातासमुद्रांपलीकडून आणावे लागत.

१९३० नंतरच्या दशकात लंडन आणि आसपास मोठमोठी बर्फगृहे उभी राहिली आणि तेथे कॅनडातील तरुण वेतनावर खेळू लागले. या व्यवहाराचे सर्वांत नवलपूर्ण फळ म्हणजे १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमधील ब्रिटनचे सुवर्णपदक. गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे ब्रिटनने प्रत्यक्ष कॅनडास हरवले. परंतु त्या ब्रिटिश संघातील बहुतेक खेळाडू जन्माने ब्रिटिश असले तरी खेळ शिकले होते कॅनडातच. त्यांपैकी जिमी फॉस्टर आणि अ‍ॅलेक्स आर्चर या दोघांच्या समावेशास कॅनडाने जाहीर हरकतही घेतली होती. आर्चर लंडनमध्ये जन्मला आणि विनिपेगमध्ये वाढला. कोणत्या देशाने त्यास आपला म्हणावे, हा वाद तेव्हा सुटला नाही. मात्र पुढे एका गावाने त्याला निःशंकपणे आपला म्हटले. ते गाव नॉटिंगहॅम.

नॉटिंगहॅमचे बर्फगृह १९३९ च्या एप्रिलमध्ये उघडले. त्याच हिवाळ्यात तेथे हॉकीचा संघ खेळावयाचा होता. परंतु सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले. संघ बर्फावर उतरण्याआधीच विखुरला, आणि जेथे पाती बर्फ कापणार होती तेथे युद्धसाहित्याची साठवण झाली. सात वर्षे ही वास्तू अशी गेली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा सज्ज झाली, आर्चरने प्रशिक्षकपद स्वीकारले, विनिपेगहून खेळाडू मिळवले, आणि २२ नोव्हेंबर १९४६ रोजी पँथर्सनी आपला पहिला सामना वेम्बली मोनार्क्सविरुद्ध खेळून ३-२ असा जिंकला.

त्या मोसमातील इंग्लिश राष्ट्रीय साखळीत सात संघ होते. त्यांपैकी पाच लंडनचे आणि एक दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनचा. सातवा तेवढा मध्य इंग्लंडातला. लेसचे कापड विणणाऱ्या, सायकली आणि सिगारेटी बनवणाऱ्या या कामकरी गावास राजधानीशी बरोबरीने टक्कर देण्याचे एक नवे क्षेत्र सापडले. शिधापत्रिकांचे ते दिवस. कोळसा तुटपुंजा, कपडे मोजके, घरे बाँबहल्ल्यांनी पडलेली. अशा काळात कॅनडाच्या सपाट प्रदेशातून आलेल्या या दणकट पोरांना पाहावयास लोक गर्दी करीत, यात नवल नाही.

त्या पोरांमध्ये १९४७ साली एक ठेंगणा तरुण आला. त्याचे नाव व्हिक्टर झॅमिक. पण सारे त्याला ‘चिक’ म्हणत. ज्या खेळात धिप्पाडपणा हा गुण समजला जातो, त्यात हा लहानखुरा गडी धक्के चुकवीत, पाण्यातल्या माशासारखा निसटत गोलपर्यंत जाई. पुढील अकरा वर्षे तो नॉटिंगहॅमसाठी खेळला. ६२४ सामन्यांत त्याने ७७८ गोल केले. सरासरी काढली तर प्रत्येक सामन्यास एकाहून अधिक गोल पडतो, आणि तोही अकरा वर्षे सातत्याने. त्याच्या आणि आर्चरच्या काळात पँथर्सनी १९५०-५१ आणि १९५३-५४ या मोसमांत इंग्लिश साखळी जिंकली. १९५४ मध्ये इंग्लिश व स्कॉटिश साखळ्या एकत्र होऊन ब्रिटिश राष्ट्रीय साखळी निर्माण झाली, आणि १९५५-५६ मध्ये तीही नॉटिंगहॅमकडे आली.

परंतु याच वैभवाच्या पोटात विनाशाचे बीज होते. त्या काळचे संघ बहुधा गावाच्या मालकीचे नसत, तर बर्फगृह चालवणाऱ्यांचे असत. दुरून आणलेल्या खेळाडूंची वेतने वाढत होती. घरोघरी दूरदर्शन संच येऊ लागल्याने संध्याकाळची गर्दी ओसरत होती. आणि चालकांच्या ध्यानी येऊ लागले, की हौशी लोकांना तासाच्या दराने घसरू दिले तर खर्च कमी आणि प्राप्ती निश्चित. लंडनचे एकेक बर्फगृह हॉकीस मुकले. हॅरिंगे येथील प्रसिद्ध सभागृह १९५८ मध्ये बंद झाले. प्रतिस्पर्धीच उरले नाहीत तर साखळी कसली? १९६० मध्ये राष्ट्रीय साखळी मोडली, आणि तिच्याबरोबर पँथर्स हा संघही संपला.

येथे इतिहासकाराने पूर्णविराम द्यावा, असेच कोणालाही वाटले असते. वीस वर्षे या गावात पँथर्स नव्हते. बर्फगृह होते आणि तेथे घसरण्याचा खेळ चालू होता. ज्यांनी झॅमिकला पाहिले होते त्यांचे केस पांढरे होत गेले, आणि ज्यांनी पाहिले नव्हते त्यांना ती केवळ वडील माणसांनी सांगितलेली गोष्ट झाली.

आणि १९८० मध्ये संघ परत आला. तो परत येण्याची रीतही विलक्षण आहे. शेजारच्या शेफील्ड गावी लान्सर्स नावाचा एक संघ होता. तोच नॉटिंगहॅमला हलवून त्यास पँथर्सचे जुने नाव देण्यात आले. या कामी गॅरी केवर्ड यांनी पुढाकार घेतला होता. पुढे १९९१ मध्ये शेफील्डला स्टीलर्स नावाचा नवा संघ स्थापन झाला, आणि या दोन गावांचे वैर ब्रिटिश आइस हॉकीतील सर्वांत कडवे वैर ठरले. नॉटिंगहॅमचा कट्टर भक्त ज्या शेफील्डच्या नावाने बोटे मोडतो, त्या शेफील्डमधूनच त्याचा संघ दुसऱ्यांदा जन्मास आला, हे इतिहासाचे थट्टेखोर देणे आहे.

मग हा संघ जुनाच म्हणावा, की जुन्या नावाचा नवा? खेळाडू वेगळे, साखळी वेगळी, चालक वेगळे. तरी लोकांनी त्यास क्षणभरही नवा मानले नाही. १९४६ च्या पहिल्या मोसमात खेळलेला आणि नंतर नॉटिंगहॅमलाच घर करून राहिलेला विनिपेगचा लेस स्ट्राँगमन तेव्हा गावातच होता, आणि नव्या संघाच्या मार्गदर्शनात त्यानेही भाग घेतला. असा एक माणूस मागील आणि पुढील पिढीच्या मध्ये उभा असला, की वीस वर्षांची दरी बुजते. १९८९ मध्ये वेम्बली येथे एअर ब्रुइन्सचा ६-३ असा पराभव करून पँथर्स ब्रिटिश विजेते झाले, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना झालेला आनंद हा आपलीच वस्तू परत मिळाल्याचा होता.

दरम्यान त्याच बर्फाने गावाला आणखी एक कीर्ती मिळवून दिली होती. नॉटिंगहॅमची विमा कचेरीतील कारकून जेन टॉर्व्हिल आणि तेथलाच पोलीस शिपाई ख्रिस्तोफर डीन यांनी १९८४ च्या साराएव्हो ऑलिंपिकमध्ये बर्फनृत्याचे सुवर्णपदक जिंकले. १९३९ ची वास्तू पुढे पाडण्यात आली आणि त्याच परिसरात २००० साली नवे राष्ट्रीय बर्फकेंद्र उभे राहिले, तेव्हा त्याचे उद्घाटन या जोडीच्याच हस्ते झाले. म्हणजे आता ती जुनी इमारतही उरली नाही.

या काळातच एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. १९९६ मध्ये ‘सुपरलीग’ स्थापन झाली. तिच्यात परदेशी खेळाडूंच्या संख्येस फारसा धरबंध राहिला नाही, आणि ब्रिटनमध्ये वाढलेल्या कित्येक खेळाडूंची जागा गेली. टीकाकार म्हणत, की ज्या संघात गावचा मुलगा खेळू शकत नाही तो संघ गावाचा कसा? ही टीका सर्वस्वी खोटी नव्हती. खर्च भागेना, संघ बुडू लागले, २००३ मध्ये सुपरलीग मोडली आणि तिच्या जागी ‘एलिट लीग’ आली. परदेशी किती घ्यावेत आणि घरचे किती वाढवावेत, याचा तोल सांभाळणे हा तेथील कारभाऱ्यांचा नित्याचा प्रश्न आहे. केवळ बाहेरच्यांवर विसंबणाऱ्या संस्थेची मुळे खोल जात नाहीत, हे १९६० ने आणि २००३ ने दोनदा शिकवले. पण बाहेरच्यांवाचून हा खेळ या भूमीत आलाच नसता, हेही तितकेच खरे.

२०१२-१३ चा मोसम कॉरी नीलसन या कॅनेडियन प्रशिक्षकाच्या हाताखाली आला. त्या एका मोसमात पँथर्सनी साखळी, चॅलेंज चषक आणि मोसमाअखेरची बाद फेरी अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली. साखळीचे विजेतेपद तर १९५६ नंतर प्रथमच, म्हणजे सत्तावन्न वर्षांनी. जानेवारी २०१७ मध्ये इटलीतील रिटेन येथे त्यांनी कॉन्टिनेन्टल चषक जिंकला. युरोपीय स्पर्धा जिंकणारा हा पहिला ब्रिटिश संघ होय.

विजयांची ही यादी येथेच संपवता आली असती तर बरे झाले असते. परंतु २८ ऑक्टोबर २०२३ ची संध्याकाळ वगळून हा इतिहास लिहिता येत नाही. चॅलेंज चषकाचा सामना शेफील्ड येथे, स्टीलर्सविरुद्ध चालला होता. पँथर्सचा अ‍ॅडम जॉन्सन हा एकोणतीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू चकती घेऊन पुढे जात असता समोरून आलेल्या खेळाडूशी टक्कर झाली आणि त्याच्या बुटाचे पाते जॉन्सनच्या गळ्यास लागले. हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तो कोसळला. त्याचे प्राण वाचले नाहीत. तो मिनेसोटातील हिबिंग गावचा. नॉटिंगहॅमला येऊन त्यास थोडेच आठवडे झाले होते.

या खेळाचे सारे सौंदर्य ज्या पात्यावर तोललेले आहे, त्या पात्यानेच हा घात केला. प्रतिपक्षाच्या खेळाडूची पोलीस चौकशी दीर्घकाळ चालली; त्याच्यावर खटला भरला जाणार नाही, असा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. खेळाने मात्र धडा घेतला. गळ्याचे संरक्षक पट्टे आजवर ऐच्छिक होते. आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत आणि एलिट लीगनेही ते सक्तीचे केले. हे आधी का झाले नाही, असा प्रश्न मनात येतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. वेग कमी होतो, मान अवघडते, आजवर आम्ही असेच खेळलो, ही कारणे प्रत्येक धंद्यात ऐकू येतात, आणि प्रत्येक धंद्यात ती कोणाच्या तरी प्राणांची किंमत घेऊन मगच मागे पडतात.

त्यानंतरचे काही दिवस नॉटिंगहॅमच्या बर्फकेंद्रापुढे फुलांचे ढीग साठत होते. त्यांत शेफील्डच्या लोकांनी वाहिलेली फुलेही होती, आणि इतर गावांच्या संघांचे सदरेही. जॉन्सनचा ४७ हा क्रमांक संघाने कायमचा निवृत्त केला; तो आता कोणाच्या पाठीवर दिसणार नाही. ज्या माणसाने या गावात पुरता एक हिवाळाही काढला नाही, त्याच्यासाठी गावाने आपल्या घरच्या मुलासारखा शोक केला.

या संघाजवळ त्याची पहिली वास्तू नाही, पहिली साखळी नाही, पहिले मालक नाहीत. त्याचे बहुतेक खेळाडू दूरदेशीचे. दोन-चार हिवाळे खेळून ते निघून जातात. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये. आपणही परक्या गावी सामान सोडतो, काही वर्षे तेथले काम आपले मानून करतो आणि एके दिवशी आज्ञापत्र आले की सामान बांधतो. आपण गेल्यावर तेथे काय उरते, हा प्रश्न स्टेशनावर निरोप घेताना मनात येतोच. नॉटिंगहॅमने झॅमिकला अकरा वर्षे पाहिले आणि जॉन्सनला काही आठवडे. दोघांनाही त्याने आपल्यातच धरले. किती काळ राहिला, याचा हिशेब त्या गावाने मांडला नाही. इथे असताना तो आमच्यासाठी खेळला, एवढेच त्याने पाहिले.