एका शहरांतील दोन वेळा

श्रोतेहो, "किती वाजले?" या प्रश्नास एकच उत्तर असावयाचें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. परंतु मुंबई शहरांत कित्येक दशकें या प्रश्नास दोन उत्तरें होतीं, आणि तीं दोन्ही खरीं होतीं. शाळेंत असतांना रेखावृत्तांचा रुक्ष धडा आला कीं मी ही हकीकत सांगत असें. मग मागच्या बांकावरचीं मुलेंहि सावरून बसत.

प्रथम थोडें गणित. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटें लागतात. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेस सुमारें ७२ अंश ४९ कलांवर आहे. म्हणून मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें. मद्रासची वेळ मुंबईच्याहि ३० मिनिटें पुढें, आणि कलकत्त्याची तर तासाहून किंचित् अधिक. माणसें बैलगाडीनें व गलबतानें हिंडत होतीं तोंवर या फरकाची कोणास दाद ना फिर्याद. आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर मात्र घोटाळा होऊं लागला. रेल्वेनें मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरली. घरच्या घड्याळावर विसंबून एखादा गृहस्थ स्टेशनावर जावा, तों गाडी अर्ध्या तासापूर्वींच निघून गेलेली!

१८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांतून मद्रास टाइम सुरू केला. पुण्याचें फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नांवें आहे तेच हे गृहस्थ. शहरास हा बदल मुळींच रुचला नाहीं. शेठ प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशांतून उभारलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्यें पुरा झाला होता. त्यावरचें युनिव्हर्सिटीचें घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवीत राहिलें. तेव्हां, रात्रीं घड्याळाची तबकडी उजळण्यास जो खर्च येतो तो आम्ही देणार नाहीं, असा पवित्रा सरकारनें घेतला. एवढ्या बलाढ्य सरकारनें दिवाबत्तीच्या पैशांवरून रुसून बसावें, याचें मला अजून हंसूं येतें. अखेर १८८३ सालीं सरकारनेंच माघार घेतली.

पुढची झुंज अधिक कडवट झाली. १ जानेवारी १९०६ पासून सर्व हिंदुस्थानासाठीं ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढची 'स्टँडर्ड टाइम' लागू झाली. मुंबईचें घड्याळ ३९ मिनिटें पुढें ढकलावयाचें, एवढीच गोष्ट. कचेरींत अकराला जाणाऱ्या साहेबास ती क्षुल्लक वाटली असेल. पण गिरणीकामगाराच्या जागीं उभें राहून पाहा. जानेवारींत मुंबईस सूर्य जुन्या वेळेप्रमाणें साडेसहाच्या सुमारास उगवतो. नव्या घड्याळाचा सहाचा भोंगा म्हणजे जुन्या हिशेबानें पांच वाजून एकवीस मिनिटें; अंधारांत, थंडींत, उपाशी पोटीं ३९ मिनिटें आधीं उठावयाचें. त्यांत आदल्याच वर्षीं गिरण्यांतून विजेचे दिवे लागून कामाचे तास बेसुमार वाढले होते. तेव्हां घड्याळास हात लावणारा माणूस आपल्याच झोपेची चोरी करीत आहे, अशी शंका कामगारांस आली. या शंकेस वेडेपणा म्हणण्यास मी तयार नाहीं. जेकब सर्कल म्हणजे आजचा सात रस्ता. त्या भागांतील गिरणींत नवी वेळ येतांच कामगारांनीं काम टाकलें आणि दगडफेकहि केली.

सुशिक्षितांचा विरोध निराळ्या भाषेंत होता. लोकांस न विचारतां त्यांची वेळ बदलणें हा अन्याय, असें म्हणणारांत सर फिरोजशहा मेहता होते. त्याच वर्षीं म्युनिसिपल कॉर्पोरेशननें ठराव करून मुंबई टाइम कायम ठेवली. झालें! रेल्वे व तारघर एका वेळेनें चालत, म्युनिसिपालिटीचीं घड्याळें दुसऱ्या वेळेनें. सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर 'सायंकाळीं सहा' लिहून भागत नसे. पुढें 'मुंबई टाइम' कीं 'स्टँडर्ड टाइम' हेंहि लिहावें लागे. माझे आजोबा त्या काळीं मुंबईंत नोकरीस होते. दोन्ही वेळा मनांत ठेवण्याची त्यांना इतकी संवय जडली होती कीं, पुढें म्हातारपणीं गांवाकडे आल्यावरहि वेळ विचारली असतां ते क्षणभर थांबूनच उत्तर देत.

कलकत्त्यानें आपली वेळ १९४८ मध्यें सोडली. मुंबईची त्यानंतरहि कांहीं वर्षें टिकली व मग कसलीहि गडबड न होतां मावळली. ज्यांच्याविरुद्ध भांडावयाचें ते राज्यकर्तेच निघून गेले होते.

सूर्यानें मात्र अद्याप हा बदल मानलेला नाहीं. मुंबईंत राहणाऱ्या श्रोत्यांनीं उद्यां ऊन असल्यास गच्चीवर एक काठी उभी करावी आणि घड्याळांत बाराचे ठोके पडतांना तिची सावली पाहावी. ती सर्वांत आंखूड होण्यास, ऋतुमानाप्रमाणें, अजून वीस ते पन्नास मिनिटें अवकाश असेल.