मेहकर मतदारसंघ : इतिहास आणि प्रतिनिधित्व

ज्या मतपेटीतून आपला प्रतिनिधी निवडून येतो, तिचा इतिहास आपल्या समाजबांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर मतदारसंघाचा विचार करावयाचे योजिले आहे, त्याचे कारण हेच.

पैनगंगेच्या काठी वसलेले मेहकर हे जुने ठाणे होय. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये त्याची गणना झालेली आहे. येथील शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती 1888 साली भूमीतून प्रकट झाली. शेजारचे लोणार तेथील खाऱ्या सरोवरामुळे जगभर ज्ञात असून, 2020 साली त्या सरोवरास रामसर स्थळाचा मान मिळाला. मेहकर व लोणार या दोन तालुक्यांचा मिळून आजचा मतदारसंघ झालेला आहे.

राज्ये बदलली, पण येथील शेतकरी व मजूर तेच राहिले. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हा जिल्हा मध्यप्रदेशात होता. 1957 साली त्याने मुंबई राज्यासाठी मतदान केले. आणि 1962 साली महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी. दहा वर्षांत तीन विधानसभा पाहणारा असा हा मुलूख आहे.

राखीव जागांचा प्रश्न याहून जुना आहे. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यास झालेल्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गाला प्रांतिक विधिमंडळांत 148 जागा मिळाल्या. त्यांपैकी 20 मध्यप्रांताच्या वाट्याला आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती; पदरी आले ते संयुक्त मतदारसंघ. याचा अर्थ असा की, राखीव जागेवरील उमेदवार आपला असला, तरी त्यास निवडणारे मतदार सर्व समाजांचे असतात. हे मर्म आजही विसरून चालणार नाही.

आमच्या जिल्ह्यात या व्यवस्थेचे दोन अध्याय घडले. बुलढाणा लोकसभा मतदारसंघ 1977 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव होता. दौलत गवई, बाळकृष्ण वासनिक, मुकुल वासनिक, सुखदेव काळे आणि आनंदराव अडसूळ यांनी त्या काळात त्याचे प्रतिनिधित्व केले. त्या वेळी मेहकर विधानसभा खुली होती. तेथून प्रतापराव जाधव 1995, 1999 व 2004 साली निवडून आले. 2008 च्या पुनर्रचनेने चक्र उलटे फिरले. लोकसभेची जागा खुली झाली आणि मेहकर राखीव झाले. श्री. जाधव 2009 पासून सलग चार वेळा लोकसभेवर गेले, व 2024 साली केंद्रात राज्यमंत्री झाले. मेहकरातून संजय रायमुलकर 2009, 2014 व 2019 साली विजयी झाले. 2024 साली त्यांचा पराभव करून, मंत्रालयातील अधिकारपद सोडून आलेले सिद्धार्थ खरात आमदार झाले.

यांतून बोध काय घ्यावयाचा? लोकसभेची जागा खुली झाल्यापासून तेथून अनुसूचित जातीचा एकही खासदार निवडून गेलेला नाही. आरक्षण गेले, त्याबरोबर उमेदवारीही गेली, हे कटू असले तरी सत्य आहे. मेहकरची जागाही कायमची नव्हे. अशा जागा अनुसूचित जातींची लोकसंख्या तुलनेने अधिक असेल तेथे, परंतु राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून ठेवण्याचा नियम आहे. म्हणून पुढील पुनर्रचनेत ती दुसरीकडे जाऊ शकते. शिवाय 104 व्या घटनादुरुस्तीने आरक्षणास दिलेली मुदत जानेवारी 2030 पर्यंतचीच आहे.

तेव्हा राखीव जागा ही आपणांस मिळालेली जहागीर नव्हे, तर तयारीसाठी मिळालेला अवधी आहे, असे आम्ही मानतो. आपल्या तरुणांनी ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद येथे काम करून सर्व समाजांचा विश्वास संपादन करावा. निवडून आलेल्या आमदारास, तो कोणत्याही पक्षाचा असो, सिंचन, शाळा, वसतिगृहे व मजुरी यांविषयी निर्भयपणे जाब विचारावा. केवळ आपल्या जातीचा म्हणून त्याला माफी असू नये. आणि आपल्या जातीचा नाही म्हणून दुसऱ्याचा द्वेषही असू नये.

उद्या जागा खुली झाली, तरीही आपला माणूस आपल्या कर्तृत्वावर निवडून यावा. ज्या दिवशी तसे घडेल, त्या दिवशी पुणे कराराचे ऋण खऱ्या अर्थाने फिटले असे म्हणता येईल. तशी पिढी घडविण्याचे कार्य समाजबांधवांनी आजच हाती घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.