घरचे शिलाई मशीन : सुरुवात आणि निगा

इंदूरमधील आपल्या बऱ्याच मराठी घरांत आजीच्या किंवा सासूबाईंच्या काळातले काळे, लोखंडी, पायाने चालवायचे शिलाई मशीन अजून आहे. त्यावर कपड्यांचे गाठोडे ठेवलेले असते आणि घर बदलताना ते भंगारवाल्याकडे जाते. ज्यांना शिवण शिकायची आहे त्यांनी नवे मशीन घेण्याआधी हे जुने एकदा तपासून पाहावे, अशी माझी सूचना आहे.

तपासणी सोपी आहे. पट्टा उतरवून ठेवा आणि वरचे हातचाक हाताने आपल्याकडे फिरवा. फिरत नसेल तर मशीन मोडले असे समजू नका. बहुतेक वेळा आतले जुने तेल गोंदासारखे घट्ट झालेले असते. कारागीर अशा वेळी तेलाच्या छिद्रांतून थोडे रॉकेल सोडून रात्रभर ठेवतात, चाक हळूहळू मोकळे करतात आणि मग मशीनचे तेल देतात. (रॉकेलचे काम मोकळ्या हवेत, गॅसपासून दूर, आणि फक्त बिनविजेच्या मशीनवर.) बिडाचा सांगाडाच तडकला असेल तर मात्र खर्च करू नये. आपल्याकडच्या काळ्या मशीनांपैकी बहुतेकांची रचना सिंगरच्या ‘१५ क्लास’ या नमुन्यावर बेतलेली आहे. त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, सुई, पट्टा हे भाग आजही सहज मिळतात. लुधियानात ते मोठ्या प्रमाणावर बनतात.

पहिला आठवडा दोरा ओवूच नका. रेघांच्या वहीचे पान घ्या, जुनी सुई लावा आणि रेघेवरून मशीन चालवा. कागदाने सुईची धार जाते, म्हणून चांगली सुई यासाठी वापरू नये. पायाने चालवायच्या मशीनचे चाक सुरुवातीला हमखास उलटे फिरते. ते सवयीने सुटते, आणि दोरा नसल्यामुळे तुटतही नाही. रेघ सरळ जमली की मग सुती कापड. उशीची खोळ, पिशवी, परकर, या क्रमाने जावे. ब्लाउजची घाई करू नये. कटोरी आणि बाही ही शिकाऊ हाताची कामे नव्हेत. सुती कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावे, नाहीतर आटल्यावर माप चुकते. शीतलामाता बाजारात किंवा एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये सरावापुरता कटपीस मिळतो, त्यासाठी महाग कापड वाया घालवायला नको.

सुईचे नंबर लक्षात ठेवावेत. ११ नंबर पातळ कापडाला, १४ साध्या पॉपलीनला, १६ जाड कापडाला, १८ जीन्सला. सुईची मुळाकडची एक बाजू चपटी असते आणि तिच्या विरुद्ध बाजूला लांब खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवून चपट्या बाजूने काढायचा. सुई उलटी बसली तर टाके सुटतात, आणि आपण मशीनला दोष देतो.

आता सर्वांत जास्त छळणारी गोष्ट : कापडाच्या खाली होणारा दोऱ्याचा गुंता. नवशिके खालचा दोरा बिघडला असे समजून बॉबिन केसचा बारीक स्क्रू फिरवू लागतात. तो आधी फिरवू नये. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो आणि त्यांची गुंफण कापडाच्या मधोमध बसायला हवी. खाली फासे दिसत असतील तर वरचा दोरा सैल आहे. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा फार घट्ट आहे किंवा खालचा फार सैल. खालच्या गुंत्याचे कारण म्हणूनच बहुधा वर सापडते : दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. कापड दाबणारा प्रेसर फूट वर उचलला की चकत्या मोकळ्या होतात, तेव्हाच दोरा ओवावा. शिवायला सुरुवात करताना फूट खाली आणि दोन्ही दोऱ्यांची टोके मागे बोटांनी धरलेली. एवढे पाळले तर निम्मे गुंते होतच नाहीत. कापड हाताने ओढूही नये, ते दाते आपोआप पुढे नेतात. ओढल्याने सुई वाकते आणि तुटते.

तेलाबद्दल मी थोडा आग्रही आहे. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल घालणारे अजून भेटतात. खोबरेल आपल्या माळव्याच्या थंडीत गोठते, आणि खाद्यतेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते. शिलाई मशीनचे पातळ, पारदर्शक तेलच घ्यावे. छोटी बाटली बरेच दिवस पुरते. रोज शिवत असाल तर दर एक-दोन दिवसांनी प्रत्येक छिद्रात एकेक थेंब, आणि नंतर चिंधीवर थोडे शिवून पाहावे, म्हणजे चांगल्या कापडावर डाग पडत नाही. त्याआधी दात्यांच्या खालचा आणि शटलमधला कापसाचा भुगा ब्रशने काढावा. फुंकू नये, भुगा आत जातो. विजेच्या मशीनचा प्लग आधी काढावा. मोटारीत तेल घालू नये. नव्या मशीनांपैकी काहींना तेल लागतच नाही, तेव्हा सोबतची पुस्तिका पाहावी.

पावसाळ्यात मशीन झाकून, भिंतीपासून थोडे दूर ठेवावे. महिनाभर वापर नसेल तर फुटाखाली चिंधी ठेवून फूट खाली सोडावा आणि उघड्या लोखंडी भागांवर तेलाचा हलका हात फिरवावा. पट्टा सैल पडून घसरत असेल तर थोडा कापून आकडा पुन्हा लावता येतो. फार ताणला तर पाय दुखतात. कापडाची कात्री कागदाला लावू नये, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे, विशेषतः शाळेच्या मुलांना.

बँकेत असताना ४ टक्के व्याजाच्या डी. आर. आय. योजनेतून (ही योजना १९७२ची) अनेक महिलांना शिलाई मशीनसाठी कर्जे दिली जात. नंतर तपासणीला गेल्यावर काही घरांत मशीन बंद पडलेले दिसे. विचारले की उत्तर येई, ‘साहेब, दोरा तुटतो.’ एकीच्या मशीनची सुई उलटी होती, दुसरीकडे शटलात भुगा अडकला होता. दुरुस्तीवाल्याकडे न्यायला पैसे नाहीत, म्हणून मशीन बंद, म्हणून हप्ता थकलेला. मशीन देताना सुई बदलणे आणि भुगा काढणे कुणी शिकवलेच नव्हते.

शिवणावर ज्यांचा चरितार्थ आहे त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर करावी. त्यातील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. अर्ज करण्यापूर्वी सध्याच्या अटी विचारून घ्याव्यात आणि मशीन आल्यावर, त्यावर पहिला कपडा शिवण्याआधी, वर सांगितलेली सुई, दोरा आणि तेलाची कामे दोन-तीनदा स्वतःच्या हाताने करून पाहावीत.