हवा मोजणारी तार : लॉस एंजेलिसच्या धुरक्यापासून घरच्या दुरुस्तीपर्यंत

१/ मोटारीच्या इंजिनात किती हवा शिरते हे मोजणाऱ्या सेन्सरला एमएएफ म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो दोन स्क्रू काढून घरीच साफ करता येतो, बदलताही येतो. ही मुभा वाहन उत्पादकांच्या औदार्यातून मिळालेली नाही. तिच्यामागे एका शहराचे धुरके, प्लॅटिनमची तापलेली तार आणि एक कायदा उभा आहे. #धागा

२/ जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर असे दाट, डोळे झोंबवणारे धुरके उतरले की काहींना जपानने वायुहल्ला केल्याचा संशय आला. पुढे अननसाच्या गंधावर संशोधन करणारे कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकारंभी कारण दाखवून दिले. मोटारींच्या व तेलशुद्धीकरणाच्या वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनत होते.

३/ त्या काळी पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. साधे, स्वस्त यंत्र. कुशल मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून स्क्रू फिरवी आणि ते जुळवी. परंतु थंडी, उकाडा, घाट, उंची अशा प्रत्येक स्थितीत अचूक प्रमाण राखणे त्याला साधत नसे. उत्सर्जनाच्या मर्यादा कडक होऊ लागल्या, तशी ही उणीव उघडी पडली.

४/ १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आली. ती हवा थेट मोजत नसे. दाबावरून अंदाज बांधी. १९७३ च्या एल-जेट्रॉनिकने हवेच्या मार्गात एक झडप बसवली. प्रवाह झडप ढकली आणि तिच्या कोनावरून हवेचे आकारमान कळे. नावातला ‘एल’ म्हणजे जर्मन ‘लुफ्ट’, अर्थात हवा.

५/ पण पेट्रोलला गरज असते हवेच्या वस्तुमानाची. पूर्ण ज्वलनासाठी १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या आसपास नीट काम करतो. थंड हवा दाट, उष्ण हवा विरळ. त्यामुळे नुसते आकारमान पुरेसे ठरत नाही.

६/ उत्तर जुन्या भौतिकशास्त्रात होते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील लुई किंग यांनी १९१४ साली तापलेली बारीक तार वाऱ्यात किती उष्णता गमावते याचे गणित मांडले. १९८० च्या दशकारंभी बॉशच्या एलएच-जेट्रॉनिकने तेच तत्त्व इंजिनात आणले. तारेचे तापमान हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वर राखायचे; त्यासाठी लागणारी वीज म्हणजेच हवेच्या वस्तुमानाचे माप.

७/ तारेचा शत्रू एकच : मळ. त्यावर अभियंत्यांनी एक सुंदर युक्ती योजली. इंजिन बंद झाल्यावर तार क्षणभर सुमारे १०००° सेल्सिअसपर्यंत तापे आणि चिकटलेली धूळ जळून जाई. गाडी आपला सेन्सर स्वतःच साफ करीत असे!

८/ पुढे तारेची जागा पातळ तप्त पापुद्र्याने घेतली. धूळ बाजूने निघून जाईल अशी त्याची रचना असल्याने ही जाळण्याची क्रिया वगळण्यात आली. तरीही तेलकट पुट कालांतराने बसतेच. तेल लावलेल्या पुनर्वापराच्या एअर फिल्टरमध्ये तेल जास्त झाले तर लवकर बसते.

९/ पुटामुळे उष्णता कमी निसटते. संगणक समजतो, हवा कमी आली. म्हणून तो पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप मंदावतो, आयडलिंग अडखळते, ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. मात्र सेन्सरच्या पुढचा रबरी पाइप फाटला तरी न मोजलेली हवा आत शिरून अशीच लक्षणे दिसतात. म्हणून पाइप आधी तपासावा.

१०/ आता कायदा. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात १९९० साली दुरुस्ती झाली. गाडीने स्वतःचे दोष नोंदवावेत एवढेच सांगून ती थांबली नाही. जोडणी सर्वत्र एकसारखी असावी, नोंदी वाचायला उत्पादकाचेच खास यंत्र लागू नये आणि दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही माहिती मिळावी, असेही तिने बजावले. १९९६ पासून तेथील नव्या मोटारींना ही प्रणाली सक्तीची झाली. साध्या स्कॅनरवर दिसणारा पी०१०१ हा एमएएफचा संकेत त्या कलमाचेच फळ आहे.

११/ साफ करण्याची रीत : इंजिन थंड, चावी बंद. एअर फिल्टरची पेटी व थ्रॉटल यांच्यामध्ये सेन्सर असतो. खटका दाबून वायरचा कनेक्टर काढावा, स्क्रू काढून सेन्सर सरळ बाहेर ओढावा. केवळ एमएएफसाठीचा क्लीनर दुरून फवारावा. ब्रेक वा कार्ब्युरेटर क्लीनर नको. तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नये. पूर्ण वाळल्यावरच बसवावा.

१२/ तरीही दोष राहिला आणि पाइप व वायरिंग ठीक असेल, तर सेन्सर बदलावा. जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवून घ्यावा, बाणाची दिशा हवेच्या प्रवाहाकडे ठेवावी आणि शेवटी स्कॅनरने जुना संकेत पुसावा.

१३/ आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. नवी शतकरेषा ओलांडताना कार्ब्युरेटर मागे पडला. भारतातील अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफऐवजी दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. बॉनेट उघडण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणता आहे, ते पाहावे.

१४/ यंत्र आले, पण त्याची भाषा खुली झाली का? ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न पुरवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेले.

१५/ कार्ब्युरेटर जुळवणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान त्याच्या कानात होते. ते कोणी कुलूपबंद करू शकत नव्हते. सेन्सरचे ज्ञान संगणकाच्या नोंदीत असते, आणि ती नोंद वाचण्याचा अधिकार कायद्याने मागून घ्यावा लागतो. दोन स्क्रू सहज निघतात. ते काढण्याआधी दोष कुठे आहे हे मालकाला कळू देणे, यासाठीच हा सारा संघर्ष झाला.