पावती नाही, म्हणून बेकारीही नाही : रोजगार हमीच्या भत्त्याचा इतिहास

"आपल्याकडे बेकारी भत्ता वगैरे काही मिळत नाही, ते परदेशात असतं." आपल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य इतक्या सहज बोलले जाते की शिकलेले तरुणही ते खरे धरून चालतात. ते खरे नाही. ग्रामीण महाराष्ट्रात अंगमेहनतीचे काम करायला तयार असलेल्या प्रौढ माणसाला हा हक्क १९७९ पासून आहे. काम मागायचे, पंधरा दिवसांत मिळाले नाही तर भत्ता घ्यायचा. तरीही धाराशिव जिल्ह्यात गावोगाव फिरताना जॉबकार्ड असलेली माणसे आम्हाला शेकड्यांनी भेटतात, पण भत्ता घेतलेला माणूस क्वचितच भेटतो. असे का? आमचे म्हणणे असे आहे की हा हक्क पैशाच्या टंचाईमुळे मेला नाही. तो एका पावतीपाशी अडवला गेला. आणि ती पावती न मागण्याची सवय आपल्याला इतिहासाने लावली आहे.

वतनाचे काम आणि हक्काचे काम

आपल्या समाजाला काम नव्हते असे कधीच नव्हते. काम भरपूर होते, त्याला वेळ नव्हता, मोल नव्हते आणि नकार द्यायची सोय नव्हती. सरकारी टपाल पोचवणे, अधिकाऱ्याच्या घोड्यामागे पळणे, मेलेली जनावरे ओढणे, वेशीवर राखण करणे, आणि बदल्यात बलुत्याची भाकरी व वतनाचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते ही गुलामी मोडण्यासाठी. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले, हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असते. पण त्या परिषदेची आठवण फक्त जयंतीच्या भाषणापुरती ठेवून चालणार नाही. कामाचा संबंध मालकाच्या मर्जीशी आणि जातीच्या कर्तव्याशी नसावा, कायद्याशी असावा, हा वतनाविरुद्धच्या लढ्याचा गाभा होता.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. देशातल्या सेवायोजन कार्यालयांची उभारणी आणि पुढे १९४८ मध्ये कायदा झालेल्या कामगार राज्य विमा योजनेची पूर्वतयारी याच काळातली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी बेकार माणसाविषयी जो युक्तिवाद मांडला, तो रोजगार हमीचा विचार करताना सतत डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. त्याचा आशय असा : उपाशी माणसासमोर नोकरी ठेवली आणि अट घातली की संघटनेत जायचे नाही, कामाचे तास विचारायचे नाहीत, तर तो मूलभूत हक्क सोडून नोकरी धरील. म्हणजे बेकारी हा फक्त पोटाचा प्रश्न नसून तो हक्क गहाण पडण्याचा प्रश्न आहे.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आणि बेकारीत सरकारी साहाय्य या दोन्ही गोष्टी आल्या. पण त्या मार्गदर्शक तत्त्वांत आल्या, त्यामुळे त्यांच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नव्हते.

दुष्काळातून आलेला कायदा

ती वाट महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने मोकळी केली. त्या दोन वर्षांत मराठवाड्यात माणसे खडी फोडत होती, पाझर तलाव आणि बांध घालत होती, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. दुष्काळ ऐन भरात असताना राज्यभरातील कामांवरच्या मजुरांचा आकडा सुमारे ५० लाखांवर गेला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासून मांडलेली रोजगार हमीची कल्पना आता राज्यभर लागू झाली. १९७५ मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर आला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या तारखेकडे जरा थांबून पाहा. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. आपली घरे जाळली गेली, माणसे गाव सोडून पळाली, ठिकठिकाणी बहिष्कार पडला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. शेतमालकाने काम बंद केले की घरात चूल पेटत नाही, हे त्या वर्षी उघड दिसले. त्यानंतर सहा महिन्यांत रोजगार हमी हा कायदेशीर हक्क झाला. कायदा नामांतरासाठी झाला नव्हता. पण गावच्या पाटलाच्या बांधावर न जाता सरकारकडे काम मागता येते, ही गोष्ट बहिष्कृत माणसासाठी किती मोठी होती हे वेगळे सांगायला नको. काम कुणाच्या मेहेरबानीवर मिळणार नव्हते, आणि एकाच कामावर बाई-पुरुषाला एकच दर होता.

याच कायद्यात भत्ता होता : दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हास्यास्पद होती, तत्त्व मात्र मोठे होते. काम न देणे हा सरकारचा कसूर, आणि त्या कसुराची किंमत सरकारने मोजायची.

मग अडवणूक सुरू झाली. काम सुरू करायला किमान ५० मजुरांची मागणी लागे. चार-दहा घरांच्या वस्तीने ५० माणसे कुठून आणायची? मागणीचा अर्ज नमुना ४ मध्ये आणि त्याची पोच नमुना ५ मध्ये. अर्ज तोंडी घ्यायचा, पोच द्यायची नाही, म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. हेच तंत्र पुढे वर्षानुवर्षे चालले.

२००५ नंतर : दंड कुणाच्या खिशातून?

२००५ मध्ये महाराष्ट्राचा हा अनुभव देशाच्या कायद्यात गेला. १ एप्रिल २००८ पर्यंत तो देशातल्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. त्या कायद्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती आणि भत्त्याचा दर ठरलेला होता : पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा. हिशेबासाठी मजुरी ३०० रुपये धरा. ४५ दिवस काम मिळाले नाही तर पहिल्या ३० दिवसांचे ७५ रुपयांप्रमाणे २२५० आणि पुढच्या १५ दिवसांचे १५० रुपयांप्रमाणे २२५०, एकूण ४५०० रुपये.

खरी मेख पुढे आहे. २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा पैसा केंद्राचा होता, पण भत्ता राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायचा होता. राज्याने काम काढावे म्हणून केलेली ही तरतूद. प्रत्यक्षात यंत्रणेने दुसरी वाट शोधली : मागणीच नोंदवायची नाही. काम मंजूर झाले, मस्टर निघायची वेळ आली की मग मागणी संगणकात भरायची. त्यामुळे कागदावर मागितले त्याला काम मिळाले असे चित्र दिसते, भत्ता शून्य निघतो, आणि अहवालात जिल्ह्यात बेकारी उरत नाही. हाच जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत होता, म्हणजे देशातल्या मागासांत गणला गेला होता.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते त्याच वर्षांत, १९२१ मध्ये, ब्रिटनने बेकारी भत्त्याला अट घातली की मजुराने आपण खरोखर काम शोधत आहोत हे सिद्ध करावे. गिरण्या-खाणी बंद पडल्या होत्या, काम नव्हते, आणि पुरावा मात्र बेकाराने द्यायचा. कामगारांनी जोर लावल्यावर १९३० मध्ये ती अट निघाली. पुराव्याचे ओझे गरिबावर टाकणे ही राज्यकर्त्यांची जुनीच युक्ती आहे. आपल्याकडे त्या पुराव्याचे नाव नमुना ५.

अडचणी आणि त्यांवर उत्तर

"साहेब नाहीत, नंतर या" किंवा "आता काम नाही, अर्ज कशाला?" हे पहिले उत्तर. काम नसताना अर्ज करण्यासाठीच हा कायदा आहे. अर्ज लेखी करावा, काम कोणत्या तारखेपासून आणि किती दिवस हवे ते लिहावे आणि तारीख घातलेली पोच घ्यावी. ग्रामपंचायत घेत नसेल तर अर्ज पंचायत समितीत कार्यक्रम अधिकाऱ्याकडे देता येतो. एकट्याने जाण्यापेक्षा वस्तीने मिळून जावे, एकत्र अर्ज देण्याची सोय कायद्यातच आहे.

दुसरी चूक दिवस मोजण्याची. पंधरा दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजायचे, पण आगाऊ अर्ज केला असेल तर काम मागितलेल्या तारखेपासून.

तिसरा घोळ दोन हक्कांचा. काम केले पण मजुरी पंधरा दिवसांत आली नाही, तर सोळाव्या दिवसापासून दररोज ०.०५ टक्का विलंब भरपाई. ती वेगळी आणि भत्ता वेगळा. एकाच अर्जात दोन्ही घातले की यंत्रणेला तो फेटाळायला निमित्त मिळते.

चौथी गोष्ट आपल्या बाजूची. काम दिल्याची सूचना आली आणि पंधरा दिवसांत हजर झालो नाही, किंवा विनापरवाना आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलो, तर तीन महिने भत्त्याचा दावा बुडतो. काम पाच किलोमीटरच्या बाहेर असेल तर दहा टक्के जादा मजुरी मागावी, पण सूचनेकडे दुर्लक्ष करू नये. सूचना गेल्याचे कागदावर दाखवून दावा बुडवता येतो, म्हणून सूचना फलकाचा तारखेसह फोटो ठेवावा.

आणि तक्रार? कार्यक्रम अधिकाऱ्याने सात दिवसांत तिचा निकाल लावायचा असतो. २००५ च्या कायद्यात तो मोडणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. सामाजिक अंकेक्षणाच्या ग्रामसभेत मस्टर उघडे वाचले जावे असा आग्रह आपणच धरायचा आहे.

चळवळीला प्रश्न

आता मूळ मुद्दा. दिवाळी झाली की वाशी, भूम, परांडा, कळंब तालुक्यांतून कोयते घेतलेल्या जोड्या ट्रॅक्टरमधून निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. उचल फिटेपर्यंत तास विचारायचे नाहीत, आजारपण सांगायचे नाही, मुलांच्या शाळेचे नाव काढायचे नाही. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी मांडलेला बेकाराचा युक्तिवाद दरवर्षी आपल्या रस्त्यांवरून जात असतो. त्या जोडीने दसऱ्याआधी गावात काम मागितले असते, पोच घेतली असती आणि भत्त्याचा दावा लावला असता, तर उचल बंद झाली असती असे आम्ही म्हणत नाही. पण मुकादमासमोर उभे राहताना हातात दुसरा पर्याय असता, आणि सरकारच्या दप्तरी ही बेकारी नोंदली गेली असती.

आपल्या चळवळीने नामांतरासाठी सोळा वर्षे लढा दिला, ॲट्रॉसिटीच्या एफआयआरसाठी पोलीस ठाण्यात रात्री काढल्या. नमुना ४ भरून घेण्यासाठी ग्रामपंचायतीसमोर आपण किती वेळा बसलो? अस्मितेचा लढा आणि मजुरीचा लढा वेगळे आहेत असे मानणे ही आपली मोठी हानी आहे. वतनाविरुद्धचा लढा एकाच वेळी दोन्हींचा होता.

योजनांची नावे बदलतील, कायदे बदलतील, दिवसांचे आकडे कमी-जास्त होतील. लेखी मागणी आणि तारखेची पोच या दोन गोष्टींना पर्याय कुठल्याही कायद्यात असणार नाही. म्हणून प्रत्येक बुद्धविहारात वंदनेनंतर एक तास अर्ज भरण्यासाठी ठेवा. बारावी झालेली एक मुलगी किंवा मुलगा एका वस्तीचे अर्ज सहज भरू शकतो. एक वही ठेवा : नाव, जॉबकार्ड क्रमांक, अर्जाची तारीख, पोच, सोळावा दिवस. सोळाव्या दिवशी दावा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण म्हणतोच. त्या संघर्षाची सुरुवात या हिवाळ्यात एका पावतीपासून करू या.

जय भीम!